बिनपाण्याची वरात

आमच्या घरात माणसं नळाचं पाणी प्यायची, पण गाडीला मात्र ग्वारीघाटचं पाणी लागायचं. हा बाबांचा नियम. सुट्टीच्या सकाळी ते घाटावर जायचे, नर्मदेत बुडी मारायचे, कॅन भरून घरी आणायचे आणि ओल्या पंच्यानिशीच गाडीपुढं उभं राहून रेडिएटरचं झाकण उघडायचे. पाणी ओतताना "नर्मदे हर" म्हणायचे आणि मागं उभी असलेली आम्ही दोघं भावंडं "हर हर" म्हणायचो. मी आणि दादा. शाळेत कोणी विचारलं की तुमच्या घरी रविवारी काय असतं, तर दादा सांगायचा, गाडीची पूजा असते.

गाडी काळी, इंग्रजी बनावटीची, बाबांच्याच वयाची. पुढं उंच जाळी, त्या जाळीच्या डोक्यावर रेडिएटरचं झाकण, दोन्ही बाजूंनी उघडणारं बॉनेट, चढायला लांब पायरी, वर गुंडाळता येणारा कापडी टप. राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि आमचे अर्धे नातेवाईक नागपूर-अमरावतीकडं निघून गेले. त्या धामधुमीत बदलीवर निघालेल्या एका साहेबांना ही गाडी सोबत न्यायची नव्हती. ती बाबांकडं आली. सगळे निघून चालले होते आणि आमच्या दारात मात्र गाडी येऊन उभी राहिली, याचा बाबांना शेवटपर्यंत अभिमान होता. आम्ही काहून जाऊ जबलपूर सोडून, असं ते नागपूरच्या भावांना ऐकवायचे.

फक्त ती उकळायची. उन्हाळ्यात घरून निघालो की ओमतीच्या चौकापर्यंत काटा चढलाच म्हणून समजा. समोरच्या पट्टीवर तापमानाचा काटा होता. त्याच्या काचेवर बाबांनी आईच्या नखांच्या रंगानं लाल ठिपका काढला होता. काटा ठिपक्याला टेकला की गाडी बाजूला घ्यायची, झाकणावर फडकं टाकायचं, झाकण सैल करायचं, सगळ्यांनी लांब पळायचं, मग वाफ, मग पाणी. शहपुऱ्याच्या मावशीकडं आम्ही एकदाही गरम जेवण जेवलो नाही. ती बिचारी वाट पाहून पाहून पोळ्या झाकून ठेवायची.

गाडी का उकळते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मी रसायनशास्त्र घेतलं होतं. नर्मदा संगमरवरातून, चुनखडीतून वाहत येते, तिच्या पाण्यात क्षार भरपूर. तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसून नळ्या बुजत चालल्या होत्या. मी उत्साहानं बाबांना सांगायला गेले की बाबा, या पाण्यात चुना आहे. बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी घाटावर जाऊन नर्मदामैयाला शिवी दिली होती. "मैयात चुना?" एवढंच म्हणाले आणि बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. ग्वारीघाटचे कॅन येत राहिले.

दादाच्या लग्नात तर पार अब्रू गेली. आता आमच्या लोकांचा वरातीचा प्रकार समजून घ्या. गल्लीतल्या हिंदी लोकांच्या वराती रात्री निघतात, दिव्यांच्या उजेडात, थोड्या गारव्यात. आमचा मुहूर्त गोरज. म्हणजे सूर्य मावळायच्या वेळी नवरदेव मांडवात पाहिजे, आणि त्यासाठी वरात निघणार भर उन्हात, तीही मे महिन्यात. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण बँड अन् नाच आपण हिंदी लोकांकडून उचललाय, म्हणजे वरात सरकणार मुंगीच्या पावलानं. नागपूरकडचे पाहुणे आजही म्हणतात, बाप्पा, एक तर दुपारी निघू नका, नाहीतर नाचू तरी नका. पण आम्हाला दोन्ही पाहिजे. पळत्या गाडीला पुढून वारा तरी लागतो. नाचणाऱ्यांच्या मागं रांगणाऱ्या गाडीला कसला वारा?

ओमतीच्या चौकात गाडीनं नाकातून वाफ सोडली. बाबांनी घाईघाईनं झाकण सैल केलं आणि गंजाचं तांबडं गरम पाणी काच ओलांडून, टपाच्या उघड्या भागातून, थेट दादाच्या पांढऱ्या रेशमी शेरवानीवर. भाजला नाही, देवाची कृपा. पण मुंडावळ्या बांधलेला तो नवरदेव डाग पडलेल्या कपड्यांत सायकल रिक्षातून मांडवाला पोचला, आणि मुलीकडच्यांनी आमच्या गाडीचं नाव किटली ठेवलं. अजून सासुरवाडीला गेला की कोणीतरी विचारतंच, जावईबापू, किटली कशी आहे? त्या दिवसानंतर दादा त्या गाडीत बसला नाही. बाबांनी कितीदा म्हटलं. नाही म्हणजे नाही.

मी लग्न केलं नाही. त्यामुळं बाबा, काकू आणि गाडी, तिघंही माझ्या वाट्याला आली. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, माहेर अमरावतीकडचं. काका लवकर गेले आणि ती आमच्याकडंच राहिली. गाडी चालवायला मला बाबांनीच शिकवलं होतं. ते गेल्यावर गाडी कागदावर दादाच्या नावावर झाली, पण तिला सकाळी चालू करणं, पुसणं, हवा भरणं हे सगळं माझ्याकडं. आयुष्यभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलेली बाई आहे मी. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे मला माहीत आहे; कोणी सांगायची गरज नाही.

तर दादाच्या मुलाचं लग्न ठरलं. पुन्हा मे महिना, पुन्हा गोरज मुहूर्त, आणि लग्न दादाच्या एका दोस्ताच्या मॅरेज गार्डनमध्ये. एका दुपारी दादा माझ्याकडं आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच विषय काढला. दोस्ताला आपली गाडी आवडली आहे म्हणे. गार्डनच्या फाटकाशी उभी करणार. रंग देणार, पितळ चमकावणार, लोक येऊन फोटो काढणार. मी विचारलं, आणि इंजिन? तर म्हणतो, इंजिन काढून टाकतील, त्या जागी बॉनेटमध्ये माती भरून झेंडू लावणार.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, बापाच्या छातीत झेंडू लावशील का? दादाही कमी नाही. म्हणाला, ओमतीपर्यंत धड जाऊ न शकणारी किटली ठेवून तू करून काय राहिली? तुझंही वय झालं, उद्या रस्त्यात बंद पडली तर ढकलायला कोण येणार आहे? निदान तिथं मानानं उभी राहील. दादाला गाडीचा राग होता हे खरं, पण त्याला माझीही काळजी होती, आणि तेच जास्त झोंबलं.

मग मी पैज लावली. म्हटलं, पोराची वरात याच गाडीतून निघेल, याच उन्हात, याच ओमतीवरून, आणि चालवीन मी. रस्त्यात उकळली तर वाफ निघत असतानाच ने तुझ्या दोस्ताकडं, मी चकार शब्द काढणार नाही. नाही उकळली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. दादा पार उखडला. माझ्या लग्नाचा तमाशा झाला तो पुरे, पोराचा नको, म्हणाला. पण नवरदेव माझ्याकडंच आलेला होता, आतल्या खोलीतून सगळं ऐकत होता. त्याला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की हिंदी. तो बाहेर येऊन बापाला म्हणाला, "मैं तो आजोबा की गाड़ी में ही जाऊँगा।" ठरलं.

पैज लावताना माझ्या हातात काहीही नव्हतं, नुसता राग होता. उपाय आणला तो पोरानं. तो पुण्यात नोकरीला, तिथं जुन्या गाड्यांच्या शौकीन लोकांत त्याची ऊठबस. त्यानं सांगितलं की असं एक कूलंट मिळतं ज्यात पाणी अजिबात नसतं. पाण्यात मिसळायचंही नसतं. रेडिएटरमध्ये फक्त तेच भरायचं. डब्यावरची माहिती मी चष्मा लावून वाचली आणि मला हसू फुटलं, कारण हे तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. पाणी शंभर अंशांना उकळतं. हे त्याच्या कितीतरी वर. इंजिनात सगळ्यात तापलेल्या जागी पाण्याची वाफ होते, वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून ती जागा अजून तापते, आणि शेवटी सगळं झाकणातून बाहेर येतं. जो द्रव तिथं उकळतच नाही, तो बाहेर येईल कशाला? अट एकच. आत पाणी राहता कामा नये. चुकून राहिलेले चार थेंब चालतील, त्याहून जास्त राहिलं तर ते उकळणारच, आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

जी गाडी उभं आयुष्य नर्मदेचं पाणी प्याली तिच्या पोटातून शेवटचा थेंब काढायचा होता. आधी सगळं पाणी सोडून दिलं. मग निंबूसत, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, घातलेलं गरम पाणी भरून इंजिन चालवलं, सोडलं, पुन्हा भरलं. पहिल्यांदा बाहेर आलं ते ताकासारखं पांढरं, नंतर चहासारखं, मग कुठं नितळ. बाबांचे सगळे रविवार त्या बादल्यांत उतरले. मला रडू आलं, खोटं काहून बोलू. रबराच्या नळ्या नव्या टाकल्या. मग सगळ्यात खालच्या तोट्या उघड्या ठेवून वरून केस वाळवायचं यंत्र लावलं आणि गरम हवा सोडत बसले. ओमतीचा आमचा मिस्त्री नळ्या बसवायला आला होता, त्यानं विचारलं, "दीदी, इंजन के बाल सुखा रही हो?" मी म्हटलं, हो, आणि वेणीही घालणार आहे.

काकूला हे काहीच पटलं नाही. गाडीला निर्जळी उपास काहून घडवून राहिली, असं ती येता-जाता म्हणायची. मी तिला नीट समजावलं होतं. ती मान हलवायची. आमच्या काकूची मान हलली म्हणजे तिला पटलं असं नाही, तर आता तू गप्प बस एवढाच त्याचा अर्थ.

नवं कूलंट भरून मी आणि पोरगा शहपुऱ्याला जाऊन आलो. काटा ठिपक्यावर आला आणि ठिपका ओलांडून पुढं गेला. असं गाडीच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, कारण त्याच्या आधीच ती फुटून वाहायची. मी गाडी थांबवून झाकणाकडं पाहत बसले. काही नाही. ना वाफ, ना गुडगुड. आम्ही शहपुऱ्याच्या बाजारात समोसे खाल्ले आणि परत आलो. मी दादाला फोन करून ऐकवलं, तर तो म्हणतो, मोकळ्या रस्त्यावर हवा लागते, त्याचं काय कौतुक, वरातीत पाहू. बोलणं बरोबर होतं त्याचं, म्हणून आणखी राग आला.

लग्नाचा दिवस. ऊन असं की अंगणातली फरशी चप्पल घालूनही सहन होईना. गाडी कडुनिंबाखाली, झेंडू-मोगऱ्याच्या माळा घातलेली. झेंडू बाहेरून, हे मी मुद्दाम पाहिलं होतं. द्रव तापला की फुगतो म्हणून रेडिएटरमध्ये वर थोडी जागा मोकळी सोडली होती. मिस्त्रीनं एक गोष्ट सांगितली होती तीही केली: इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, नाहीतर उन्हात पेट्रोलच पंपात उकळतं. सगळं झाकपाक करून मी पैठणी नेसायला आत गेले.

बाहेर आले तर काकू गाडीपुढं उभी. एका हातात रेडिएटरचं झाकण, दुसऱ्या हातात तांब्या, आणि तोंडानं "नर्मदे हर".

माझ्या तोंडून काय आवाज निघाला मला माहीत नाही, पण बँडवाल्यांचं वाजवून पाहणं थांबलं. काकू उलट माझ्यावरच डाफरली. "काहून ओरडून राहिली? तुझ्या बापानं जन्मभर घातलं. आज त्याचा नातू नवरदेव होऊन राहिला, अन् मैयाचं नावच नाही?" तिनं सकाळीच कोणाला तरी ग्वारीघाटावर पाठवून पाणी आणवलं होतं. मी मोकळी सोडलेली जागा तिनं काठोकाठ भरली होती. तांब्यात घोटभर उरलं होतं, तेही ओतायच्या बेतात होती. मी तांब्या हिसकावला.

दादा धावत आला. त्याला सगळं एका नजरेत कळलं. तो माझ्यावर चिडला नाही, तेच वाईट होतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. म्हणाला, जाऊ दे, मी दुसरी गाडी बोलावतो, एसीवाली. आणि खिशातून फोन काढला. बाजूला पोरगा मुंडावळ्या सावरत माझ्याकडं पाहत उभा. तेवढ्यात कोणा उत्साही पाहुण्यानं गाडी चालू करून फाटकाशी घ्यावी म्हणून दार उघडलं. मी त्याच्या हातातून किल्ली अक्षरशः ओढली. म्हटलं, या गाडीला आता कोणी हात लावायचा नाही. हलवायची नाही, धक्काही द्यायचा नाही. दादा, फोन खाली ठेव.

कारण माझं डोकं चालू झालं होतं. पाणी हलकं, हा द्रव जड. काकूनं ओतलं होतं देवाला घालतात तसं, हळू धार धरून. इंजिन थंड होतं, आतला द्रव फिरवणारा पंप फिरला नव्हता. म्हणजे बहुतेक पाणी अजून वरच असणार. इंजिन एकदा चालू झालं असतं तर सगळं घुसळून एक झालं असतं आणि मग ब्रह्मदेवालाही वेगळं करता आलं नसतं.

मी पोराला माळ्यावरून होळीची पितळी पिचकारी आणायला सांगितली. नवरदेव माळ्यावर चढला. त्याची आई अरे अरे करत राहिली, पण तो गेला आणि घेऊन आला. मी पदर खोचला, पिचकारीचं तोंड रेडिएटरमध्ये अगदी वरवर टेकवलं आणि दांडा सावकाश ओढला. पहिली पिचकारी बादलीत सोडली, दोन बोटांत घेऊन चोळली. निव्वळ पाणी. पुन्हा ओढली. पाणी. बोटाला बुळबुळीत लागेपर्यंत मी ओढत राहिले, आणि बुळबुळीत लागल्यावरही थोडं ओढलं, कारण मधला थर मिसळलेला असणारच. मग डब्यात शिल्लक होतं ते कूलंट भरून पातळी पुन्हा पहिल्याइतकी केली. अंगणात सगळे पाहुणे जमून पाहत होते.

आत थोडं तरी पाणी उतरलं असणार, हे मला माहीत होतं. किती, ते सांगता येत नव्हतं. पण दादाला मी म्हटलं, चल, वरात काढ, मुहूर्त चुकेल. काकू एका बाजूला तोंड फुगवून उभी होती. तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हटलं, उरलेलं चाकांवर घाल, चारही चाकांवर, थोडं थोडं घाल. तिनं घातलं. मग पुढं येऊन माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि जाऊन बसली मागं नवरदेवाशेजारी. तिला कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

निघालो. बँड पुढं, नाचणारे त्याच्या मागं, त्यांच्या मागं मी, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. दादा गाडीत बसला नाही. तो बॉनेटच्या बाजूनं पायी चालत होता, हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन. नवरदेवाचा बाप, डोक्यावर फेटा आणि हातात बादली. लोक पाहून हसत होते, पण त्यानं बादली कोणाला दिली नाही.

ओमतीच्या चौकात नेमकं सगळं अडकलं. समोरून बस, बाजूनं हातगाड्या, आणि आमच्या लोकांना तिथंच अंगात आल्यासारखं नाचायचं होतं. गाडी उभी, इंजिन चालू, वर ऊन. काटा ठिपक्यावर आला. काटा ठिपका ओलांडून गेला. मग शहपुऱ्याच्या रस्त्यावर जिथं थांबला होता त्याच्याही पुढं सरकला. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि मी एकटक झाकणाकडं पाहत होते. दादा खिडकीत वाकला. त्याची नजर काट्यावर पडली.

"बंद कर," तो म्हणाला. "बंद कर, पाणी घालू."

"दादा, आता एक थेंब पाणी घातलंस तर सगळं संपलं. तू काटा पाहू नको, झाकण पाहा. काही येऊन राहिलं का तिथून?"

त्यानं पाहिलं. काही येत नव्हतं. तो सरळ होतो न होतो तोच बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ वर आली.

दादानं फेटा काढला. मला अजून तो डोळ्यांपुढं दिसतो, तसा उघड्या डोक्यानं भर चौकात उभा. गर्दीतून कोणीतरी हसलं. मी इंजिन बंद केलं नाही. खाली उतरले, पैठणीच्या पदरानंच कडी धरली आणि बॉनेटची बाजू उचलली. आत पेट्रोलच्या पंपावर मी बांधलेलं ओलं फडकं इंजिनच्या उष्णतेनं वाळत आलं होतं. वाफ त्याची होती. रेडिएटर, नळ्या, सांधे, सगळं कोरडं ठणठणीत. मी दादाचा हात धरून त्याला जवळ ओढलं आणि दाखवलं. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग मी म्हटलं, घाल आता पाणी, या फडक्यावर घाल.

दादानं ओंजळीनं, अगदी सांभाळून, फडक्यावर पाणी घातलं. मग फेटा उचलून डोक्यावर ठेवला, तिरपाच बसला, आणि बँडवाल्यांकडं वळून ओरडला की थांबलात काहून, वाजवा. मी स्टिअरिंगवर बसले. मागून पोरगा "आत्या, ज़बरदस्त!" असं ओरडला आणि काकूनं त्याला मुंडावळ्या सरळ कर म्हणून दटावलं. आता मला काट्याची भीती राहिली नव्हती. मी हॉर्न वाजवत, बँडच्या ठेक्यावर वाजवत निघाले, आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांतून लोक बाहेर येऊन गाडीचे फोटो काढत होते. काढा म्हटलं, चालत्या गाडीचे काढा.

सूर्य कलला तेव्हा आम्ही गार्डनच्या फाटकाशी पोचलो. मुलीकडचे आरती घेऊन उभे. आणि फाटकाच्या उजव्या हाताला ताज्या सिमेंटचा एक चबुतरा, त्यावर चढायला उतार, चहूबाजूंनी कुंड्या मांडलेल्या. दादाचा दोस्त पुढं येऊन हसत हसत मला हातानं त्या उताराकडं वळवायला लागला. "बस दीदी, सवारी उतार के सीधे ऊपर चढ़ा दीजिए। जगह तैयार है।"

चबुतरा एका दिवसात होत नाही. म्हणजे पैजेचा निकाल लागायच्या आधीच दादानं शब्द देऊन ठेवला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोलणार होते ते सगळं तोंडात आलं होतं. पण मागं नवरदेव बसला होता, समोर आरती होती, म्हणून दात आवळून बसले. इंजिन चालू ठेवलं आणि दादाकडं पाहिलं.

तो घामानं निथळत होता. नवा कुरता अंगाला चिकटलेला, हातात बादली. तो गाडीच्या पुढं आला आणि जाळीवर तळहात ठेवला. चटका बसला, तसा झटकन काढला. मग हात उलटा करून पाहिला. तळवा लाल झाला होता, पण कोरडा होता. तो तळव्याकडं पाहत तसाच उभा राहिला, आणि मला दिसलं की त्याचे डोळे भरून आलेत.

"भैया, इस पर गमले ही रख लो," तो दोस्ताला म्हणाला. "गाड़ी चालू है।"

दोस्त काहीतरी म्हणायला गेला, पण दादा त्याच्याकडं न पाहता वळला. डाव्या बाजूचं दार उघडून तो माझ्या शेजारी येऊन बसला, बादली मांडीवर घेऊन. माझ्याकडं पाहिलं नाही. समोर पाहत म्हणाला, "आरती झाली की मांडवापर्यंत ने. हळू ने, सगळ्यांना दिसू दे."